कॅमेऱ्याला न दिसणारी घट

पक्ष्याचे छायाचित्र हा तो पक्षी त्या दिवशी त्या जागी होता याचा भक्कम पुरावा असतो. तो पक्षी एखाद्या जागी नव्हता, किंवा पूर्वी होता तितका राहिला नाही, हे मात्र कोणतेही एकटे छायाचित्र सांगू शकत नाही. वन्यजीव छायाचित्रण आणि पक्ष्यांची घटती संख्या यांचा संबंध समजून घ्यायचा तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. गेल्या पंचवीस वर्षांत भारतात पक्ष्यांची छायाचित्रे अफाट वाढली. याच काळात अभ्यासलेल्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जातींचे पक्षी कमी झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि पहिलीमुळे दुसरी झाकली जाते.

पक्ष्यांचा पुरावा पूर्वी बंदुकीने गोळा केला जाई. पक्षी मारायचा, कातडे पेंढा भरून ठेवायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची, ही एकोणिसाव्या शतकातली रीत. त्या चिठ्ठीवरचे ठिकाण आणि तारीख यांवरच नमुन्याची किंमत ठरे. रानपिंगळ्याची हकिगत याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे नमुने जमवले, त्यातला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आणखी एक नमुना मिळाल्याचा दावा रिचर्ड मायनर्त्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने केला आणि तो दीर्घकाळ खरा मानला गेला. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो नमुना डेव्हिडसन यांच्याच संग्रहातून चोरलेला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पक्षी खरा, चिठ्ठी खोटी. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची दिशा चुकवली. मायनर्त्झहागेन यांची नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या अस्सल ठिकाणांकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे जो फक्त संग्रहालयांच्या कप्प्यांत होता त्याची या वेळी चित्रे टिपली गेली, बंदूक चालवावी लागली नाही. पुढे मेळघाटात आणि तानसा परिसरातही तो आढळला.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेण्यास इंग्लंडमध्ये सुरुवात झाली. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशायरच्या भावांनी पक्ष्यांच्या घरट्यांची प्रत्यक्ष जागेवर छायाचित्रे घेतली आणि १८९५ मध्ये त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. भारतात डॉ. सालिम अली यांचे मित्र लोक वान थो यांचे काम या बाबतीत पायाभूत ठरले. मलायात जन्मलेले हे सिंगापूरचे उद्योगपती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आले, सालिम अलींबरोबर हिंडले आणि लपणात तासन् तास बसून त्यांनी पक्ष्यांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. तेव्हाचे कॅमेरे जड, रोल महाग आणि एका रोलवर छत्तीस चित्रे. एकेक चित्र विचार करून घ्यावे लागे. बहुधा म्हणूनच त्या पिढीच्या वह्यांत चित्राबरोबर जागा, तारीख आणि पक्ष्याचे वागणे हमखास लिहिलेले असे. डिजिटल कॅमेऱ्याने सेकंदाला वीस चित्रे घेण्याची सोय केली. वही मागे पडली.

चित्रे वाढतात आणि पक्षी घटतात, यातले गणित साधे आहे. एखाद्या तलावावर वीस वर्षांपूर्वी वर्षभरात दोघे जण कॅमेरा घेऊन जात असतील आणि आज दोनशे जात असतील, तर तिथला दुर्मीळ पक्षी निम्म्याने कमी होऊनही त्याची चित्रे कितीतरी पटींनी वाढतील. त्यातच ठिकाण समजताच सगळे कॅमेरे एका जागी वळतात. उरलेल्या तीन पक्ष्यांपैकी एकाचे चित्र समाजमाध्यमांवर हजार वेळा दिसते आणि पाहणाऱ्याला तो पक्षी भरपूर आहे असे वाटू लागते. लेन्स सुधारल्याने पूर्वी जे ठिपके म्हणून सोडून दिले जात त्यांचीही आता ओळख पटते. थोडक्यात, छायाचित्रांचा आकडा माणसांच्या हालचाली मोजतो, पक्ष्यांच्या नव्हे.

दुसरी अडचण माणसाच्या स्मरणाची. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडले, की समुद्रातल्या माशांबाबत प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणी जे पाहिले तेच मूळचे मानते आणि तिथून घट मोजते. आधीच्या पिढीने पाहिलेली घट तिच्या हिशेबात येतच नाही. पक्ष्यांना हे तंतोतंत लागू पडते. २०१० नंतर कॅमेरा घेतलेल्या तरुणाला आकाशात गिधाडे नसणे हीच नेहमीची गोष्ट वाटते. मेलेल्या बैलावर शंभर गिधाडे उतरलेली ज्यांनी पाहिली त्यांची पिढी महाराष्ट्राच्या खेड्यांत अजून आहे, पण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांना इतक्या सामान्य पक्ष्यावर रोल खर्च करावासा क्वचितच वाटला.

गिधाडांचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे, कारण इतक्या वेगाने कोसळलेले इतके सामान्य पक्षी जगात फार थोडे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांतला एक उरला. लांब चोचीच्या गिधाडांची गतही फारशी वेगळी नव्हती. हे लक्षात आले ते मुख्यतः बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८०च्या दशकात केलेल्या मोजणीमुळे. गिधाडे तेव्हा मोजण्याइतकी महत्त्वाची कोणालाच वाटत नव्हती. तरी ती मोजली गेली होती. म्हणून दहा वर्षांनी पुन्हा मोजल्यावर घरटी ओस पडलेली आणि झाडांवर माना टाकून बसलेले पक्षी यांचा अर्थ लागला. कारण सापडायला २००४ साल उजाडले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचा अंश मांसातून गिधाडाच्या पोटात गेला की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. अभ्यासकांच्या हिशेबाने शेकडा एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट होऊ शकते, कारण एका जनावरावर मोठा थवा जेवतो आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच पिल्लू वाढवते. भारताने २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली; असेच घातक ठरलेल्या अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरची बंदी यायला २०२३ उजाडले. या सगळ्या तपासात निर्णायक ठरल्या त्या दोन गोष्टी: जुनी मोजणी आणि मेलेल्या पक्ष्यांची शवचिकित्सा. सुंदर छायाचित्रांचा त्यात वाटा नव्हता.

आज देशपातळीवर हे काम ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालातून होते. पहिला अहवाल २०२० मध्ये आला, दुसरा ऑगस्ट २०२३ मध्ये. दुसऱ्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या व्यासपीठावर भरलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदी त्याचा आधार आहेत. पंचवीस वर्षांहून मोठ्या काळाचा कल ३३८ जातींबाबत सांगता आला. त्यांतल्या २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि ३६ वाढल्या. अलीकडच्या वर्षांचा कल ३५९ जातींबाबत काढता आला. त्यांपैकी १४२ घटत आहेत आणि केवळ २८ वाढत आहेत. संवर्धनाच्या दृष्टीने १७८ जाती सर्वोच्च प्राधान्याच्या ठरवल्या आहेत. मोर, पारवा आणि कोकीळ वाढले. माणसाच्या सावलीत निभावून नेणारे, मिळेल ते खाणारे पक्षी टिकतात. माळरानावरचे, पाणथळीतले, शिकारी, मृतभक्षक आणि फक्त कीटकांवर जगणारे पक्षी घसरले आहेत. हिवाळ्यात दूरवरून येणाऱ्या बदकांची स्थितीही चिंतेची आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ तर जागतिक धोक्याच्या यादीत त्याचे स्थान पुन्हा तपासावे अशा जातींमध्ये गेला. तारेवर बसणारा, निळ्या पंखांचा, सहज छायाचित्र देणारा हा पक्षी. त्याची चित्रे आजही भरपूर निघतात, म्हणूनच त्याची घट डोळ्यांत येत नाही.

चिमणीबाबत उलट झाले. चिमण्या संपल्या, असे सर्वत्र बोलले जाते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्यातून सामान्य पक्ष्यांविषयी आस्था वाढली, हे त्याचे खरे श्रेय. आकडेवारी मात्र सांगते, की मोठ्या महानगरांत चिमणी घटली असली तरी देशभरात तिची संख्या बऱ्याच अंशी स्थिर आहे. ज्या पक्ष्याबद्दल सारे हळहळतात तो तग धरून आहे आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही तो निघून चालला आहे. मोजणीची गरज यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

ही मोजणी कशी चालते हेही पाहायला हवे. निरीक्षक एखाद्या जागी ठरावीक वेळ थांबतो किंवा ठरावीक अंतर चालतो आणि दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी लिहितो. आवडते तेवढेच नाही. अशी पूर्ण यादी हाती आली की तीत जे नाही ते दिसले नाही, असा अर्थ घेता येतो. समजा, एका जिल्ह्यातल्या पूर्वीच्या शंभर याद्यांपैकी चाळीस याद्यांत नीलकंठ होता आणि आता शंभरांपैकी पंचवीसच याद्यांत आहे. याद्या शंभराच्या हजार झाल्या तरी हे प्रमाण बदलत नाही. निरीक्षक वाढल्याने पक्षी वाढल्याचा भास होत नाही. छायाचित्रकाराच्या कार्डात मात्र फक्त मिळालेले पक्षी असतात. पहाटेपासून बसून काहीच मिळाले नाही, ती फेरी ‘फुकट गेली’ असे म्हटले जाते आणि तिची नोंद कुठेच राहत नाही. घटीचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच फेरी हवी असते.

महाराष्ट्रात या साऱ्याचा कस लागतो तो सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर. माळढोकासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य घोषित झाले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात होते. गावे, शेते, रस्ते सगळे त्यात आल्याने लोकांचा विरोध वाढत गेला आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे क्षेत्र त्याला कमी दिसते आणि अंग जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरणे हे राजस्थानात त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये सौरऊर्जेच्या गरजेचा विचार करून तो सैल केला. देशभरात हा पक्षी आता दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते.

नान्नजसारख्या ठिकाणची जुनी छायाचित्रे आज नव्याने वाचता येतात, आणि ती वाचताना पक्ष्यापेक्षा त्याच्या मागचा भाग अधिक सांगून जातो. कुसळी, पवन्या, मारवेल यांचे गुडघाभर गवत, मधूनच एखादी बोर, आणि क्षितिजापर्यंत एकही खांब नाही. त्याच दिशेला आज कॅमेरा धरला तर उजनी धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस, विजेचे खांब आणि ‘पडीक जमीन सुधारणे’ म्हणून माळावर लावलेली झाडे दिसतात. माळरान पडीक नसते. तो गवताचा स्वतंत्र अधिवास आहे, आणि धाविक, पखुर्डी, चंडोल, तणमोर यांना झाडांची सावली नको असते. इथे आजच्या छायाचित्रणाच्या आवडीनिवडीवर एक आक्षेप नोंदवावा लागतो. सहाशे मिलीमीटरची लेन्स आणि उघडे अ‍ॅपर्चर वापरून मागचा भाग पूर्ण धूसर करणे ही उत्तम चित्राची खूण मानली जाते. पक्षी पिसापिसाने स्पष्ट दिसतो आणि तो कुठे राहतो ते पुसले जाते. ऊस, खांब, कचरा, बांधकाम यांतले काहीही चित्रात येत नाही. अशा हजार चित्रांतून पन्नास वर्षांनी कोणालाही अधिवासाचा इतिहास वाचता येणार नाही. एक जवळचे चित्र घेतल्यावर तिथूनच एक रुंद चित्र घ्यावे, इतकी साधी सवय या बाबतीत मोठा फरक करू शकते.

छायाचित्राने प्रत्यक्ष घट रोखल्याचे उदाहरण नागालँडचे आहे. अमूर ससाणा हा लहान शिकारी पक्षी दर शरद ऋतूत सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, ईशान्य भारतात थांबतो, मध्य व पश्चिम भारतावरून अरबी समुद्र ओलांडतो आणि दक्षिण आफ्रिकेत जातो. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या काठी त्याचे प्रचंड थवे उतरत. ऑक्टोबर २०१२ मध्ये बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु हे संवर्धन कार्यकर्ते तिथे पोचले, तेव्हा मासे पकडण्याच्या जाळ्या झाडांमध्ये उभ्या टांगून रोज बारा ते चौदा हजार ससाणे धरले जात होते. संपूर्ण हंगामातल्या बळींचा अंदाज एक लाख वीस ते एक लाख चाळीस हजार निघाला. काठ्यांना लटकवून बाजाराकडे नेल्या जाणाऱ्या पक्ष्यांची चित्रे आणि चित्रफीत जगभर गेली. ही चित्रे देखणी नव्हती. त्यांत जागा होती, तारीख होती, माणसे होती, जाळ्या होत्या आणि आकड्याचा हिशेब होता. ग्रामसभा, चर्च, वनविभाग आणि संस्था एकत्र आल्या आणि २०१३ च्या हंगामात तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी तिथल्या तीन पक्ष्यांना उपग्रह-यंत्रे बसवून नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली गेली. गावकऱ्यांना या बदलाचे श्रेय सर्वांत जास्त. चित्रांनी त्यांच्यापुढे प्रश्न आणून ठेवला, सोडवला त्यांनी.

छायाचित्रणामुळे होणारे नुकसानही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवे. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून वीण करतो. पिल्लांना भरवायला पालक ठरावीक वेळाने बिळाशी येतात, म्हणून चोचीत सरडा किंवा खेकडा धरलेल्या खंड्याचे चित्र हमखास मिळते. बिळासमोर माणसांची रांग उभी असली की पालक भक्ष्य घेऊन दूरच्या फांदीवर ताटकळतो आणि पिल्लांच्या खेपा बुडतात. स्वर्गीय नर्तकाच्या किंवा नवरंगाच्या घरट्यापुढच्या फांद्या चित्र स्वच्छ यावे म्हणून छाटल्या, तर ऊन थेट पिल्लांवर पडते आणि कावळ्यांना वाट मोकळी होते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला किंवा धाविकाला माणूस जवळ आल्यावर उठावेच लागते. मे महिन्यात तेवढ्या वेळात अंडी तापून जातात. आवाजाची फीत वाजवून नराला बोलावणे, घुबडापुढे उंदीर सोडणे, रोहितांचा थवा उडावा म्हणून होडी त्यात घालणे, कुरवांना शेव-फरसाण टाकणे हे प्रकार चित्रासाठीच होतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणे येते, हे फार थोड्या छायाचित्रकारांना ठाऊक असते. अनेक स्पर्धा आता घरट्यावरची चित्रे स्वीकारत नाहीत. ते योग्यच आहे, आणि पक्ष्यांच्या दुर्मिळतेबरोबर हा नियम अधिक कडक व्हायला हवा. कारण पक्षी जितका दुर्मीळ तितकी त्याच्या घरट्यापुढची गर्दी मोठी.

छायाचित्र नोंदीच्या दर्जाला पोचण्यासाठी फार काही लागत नाही. कॅमेरा तारीख आणि वेळ स्वतःच जपतो, घड्याळ बरोबर लावलेले असेल तर. जागा गावाच्या नावासह लिहावी, ‘पश्चिम घाट’ एवढे पुरत नाही. मात्र घरटे, घुबडाची ढोली किंवा माळढोकाचा ठिकाणा असल्यास नेमकी जागा उघड करू नये आणि ती वनविभागाला किंवा अभ्यासकांनाच कळवावी. एकाच पाणवठ्यावर दरवर्षी त्याच महिन्यात जाणे हे नव्या ठिकाणी एकदा जाण्यापेक्षा अधिक उपयोगी. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ असलेले नांदूर मधमेश्वर, उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण, ठाण्याची खाडी अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी तिथे दिसलेल्या थापट्यांची, तुतारींची, साध्या पाणकावळ्यांचीही संख्या त्या दिवशी लिहिली, तर रोहितांच्या गुलाबी थव्याआड काय कमी झाले ते कळू शकते. थव्याचे रुंद चित्र घरी मोठे करून पक्षी मोजता येतात; डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ती मोजणी अचूक असते. पायातल्या कड्याचे चित्र स्पष्ट असेल तर त्यावरच्या अक्षरांवरून पक्षी कुठून आला हे समजते.

याखेरीज एक मोठा साठा घरोघरी पडून आहे. १९७० ते २००० या काळात महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकारांनी घेतलेल्या पारदर्शिका आणि निगेटिव्ह कपाटांत, पत्र्याच्या डब्यांत आहेत. दमट हवेने त्यांना बुरशी लागते, आणि चौकटीवरची पेनची अक्षरे त्याहून आधी पुसट होतात. जागा सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या पारदर्शिका स्कॅन करताना चौकटीची दुसरी बाजूही स्कॅन करावी, चित्र घेणाऱ्याकडून गाव, ऋतू आणि बरोबर कोण होते ते विचारून लिहून घ्यावे, आणि पक्ष्यामागचे शेत, झाड, टेकडी ओळखता आली तर तेही लिहावे. जुन्या तारखेची यादी ई-बर्डवर आजही भरता येते आणि तिला चित्र जोडता येते. नेमका दिवस आठवत नसेल तर तो अंदाजाने घालू नये; महिना आणि वर्ष खरे असले की तेवढ्यावर अभ्यासकाचे काम भागते.